देवीची कानातली

“माई, देवीला वाहायच्या वस्तूत सुनेनं खोट काढावी का हो?”

गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाती वळत बसलेल्या आनंदीमाईंनी मान वर केली नाही. विचारणाऱ्या प्रमिलाताई देवळातल्या त्या वृद्ध साध्वीला गुरू मानत.

नवस प्रमिलाताईंचाच होता. सून अडली होती, डॉक्टर काही बोलेनात, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्यांनी पदर पसरला होता. रेवती सुखरूप सुटू दे आई, माझ्या हातची कानातली तुला घालीन.

देवीनं ऐकलं. नात झाली.

आणि आज, नवरात्रातल्या शुक्रवारी, त्या कानातली घेऊन आल्या होत्या. सोनेरी तारेचे वळसे, त्यांत क्रिस्टलचे पाणीदार मणी, खाली एकेक लोलक. घरी बसून त्या अशी कानातली करत, आळीतल्या निम्म्या लेकीसुना तीच घालत. त्यांच्या हाताला नाव ठेवण्याची कुणाची छाती नव्हती.

एका रेवतीनं मात्र ठेवलं होतं. आई, मागं तारेचं टोक राहिलंय, एवढंच म्हणाली बिचारी. त्यावर प्रमिलाताई फाडकन बोलल्या होत्या. तेव्हापासून सून घरात मुकीच होती. आत्ताही ती बाळाला घेऊन लांब, खांबाशी उभी होती.

माईंनी हात पुढे केला. कानातली उजेडात धरली.

“छान झालीत. घाल.”

“देवीला?”

“तुझ्या कानात.”

प्रमिलाताई चपापल्या. ओटी घेऊन थांबलेल्या बायकांत कुजबूज झाली.

“उष्टी होतील ना, माई. देवीची आहेत.”

“होऊ दे.”

गुरूचा शब्द. त्यांनी आपल्या कुड्या काढल्या, ती कानातली घातली.

“आता मागं वळून सुनेकडं बघ.”

प्रमिलाताईंनी मान वळवली मात्र… कानामागं काहीतरी कचकन रुतलं. बोट लावलं तर बोटाला रक्ताचा ठिपका.

“टोचलं?”

“थोडंसं.” त्या ओशाळल्या. “पण माई, देवीचा कान दगडाचा. त्याला काय टोचणार?”

“हेच सुनेला म्हणालीस?”

“… हो.”

“मग बाई, जिन्यातून मारलेली तुझी हाक देवीनं कोणत्या कानानं ऐकली?”



प्रमिलाताईंनी कानातली उतरवली. वाटेत तार निसटली तर असावी म्हणून पिशवीत पक्कड आणली होतीच. पायरीवर बसून त्यांनी एकेक टोक दाबून आत वळवलं. मग खांबाकडं पाहिलं.

“रेवती, ये गं… बोट फिरवून बघ.”

रेवती आली. बाळ सासूच्या मांडीवर दिलं. मागच्या बाजूनं सावकाश बोट फिरवलं.

“अजून थोडं, आई. इथं.”

प्रमिलाताईंनी मुकाट्यानं पुन्हा पक्कड उचलली.

सून “आता नाही टोचत” म्हणाली, तेव्हा माई उठल्या. ती उष्टी कानातली त्यांनी स्वतःच्या हातांनी देवीच्या कानात घातली, आणि ओट्या घेऊन ताटकळलेल्या बायकांकडं वळून हात जोडले.

“बायांनो, तुम्हीही एवढं करा. दुसऱ्याच्या कानात जे घालायचं, ते आधी आपल्या कानात घालून बघा.”