टिटवीची तीन उत्तरं

माळाला अजून कुणी मालक नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका टिटवीने तिथे उघड्यावर चार अंडी घातली. अंडी हुबेहूब खड्यांसारखी. त्यातूनही कुणी जवळ आलंच, तर टिटवी भलत्याच जागी जाऊन ओरडायची आणि शत्रू तिकडे धावायचा.

साळुंकी रोज यायची. "किडे कुठे निघालेत ते फुकट सांगते. तू फक्त एवढंच सांग, पाण्यावर कधी जातेस?"

"दुपारी."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "अंड्यांना सावली कशाची गं?"

"माळावरच्या एकुलत्या एका तरवडाच्या झुडपाची."

तिसऱ्या दिवशी विचारलं, "आणि ओरडायला कुठे जातेस?"

"ओढ्याकाठी. पण घरटं कुठे आहे ते सांगायची नाही हं!"

"मी कुठे विचारलं, बाई?" साळुंकी हसली.

चौथ्या दुपारी टिटवी पाणी पिऊन वळली, तर मुंगूस तरवडाकडे निघालेलं. ती ओढ्याकाठी जीव तोडून ओरडू लागली. मुंगसाने मानसुद्धा वळवली नाही.

"ओरड पोटभर," ते चालता चालता म्हणालं. "साळुंकीची पिल्लं मी सोडतो, ती मला सगळं सांगते."

माळाने टिटवीचं खरं ओरडणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.