दोन रंगांचा धक्का

पाय जरा जपून टाका, शेवाळ आहे. आता खाली बघा. आपण उभे आहोत ती बाजू काळ्या दगडाची, आणि या सांध्यापलीकडे सगळा तांबडा जांभा. पाहुणे विचारतात, अर्धा धक्का मागाहून वाढवला का? तसं नाही. करंजवेळचा हा धक्का एकाच माणसाने, एकाच वर्षात बांधला. आमच्याकडे त्याची हकिकत सांगतात ती अशी.

फार पूर्वी इथे लाकडी खांबांचा धक्का होता. खांब किडीने पोखरले, तेव्हा गावाने पक्का दगडी धक्का बांधायचं ठरवलं आणि घाटाखालून नरसू पाथरवटाला आणलं. माणूस तरुण, हाताचा पक्का आणि बोलायला उतावळा होता म्हणे. त्याने धक्का पाहिला न पाहिला तोच सांगून टाकलं की पावसाळ्यापर्यंत बंदर बंद ठेवा, काम नीट होईल.

समोर दिसतं ते खैरबेट. तिथल्या विहिरींना तेव्हाही खारंच पाणी. बेटावरच्या होड्या रोज सकाळी इथे येत आणि पिण्याचं पाणी भरून नेत. बंदर बंद होणार हे कळताच बेटावरची बायजा तांडेलीण इकडे आली. नवऱ्याच्या मागे स्वतः होडी हाकणारी बाई. ती भांडली नाही. नरसूला होडीत बसवून तिने घरी नेलं, पोटभर जेवू घातलं आणि त्याच्यापुढे तांब्याभर पाणी ठेवलं. घरातली पोरं त्या तांब्याकडे बघत बसली होती. नरसूला तो उचलवला नाही.

परत आल्यावर त्याने गावासमोर शब्द दिला. "बंदर एक दिवसही बंद राहणार नाही. बेटाची एक जरी होडी पाण्याविना परत गेली, तर ही हातोडी दर्यात टाकीन आणि पुन्हा दगडाला हात लावणार नाही."

मग त्याने धक्का मधोमध वाटून घेतला. एका बाजूला बांधकाम, दुसऱ्या बाजूला होड्या. काळा दगड खाडीच्या वरच्या अंगाच्या खाणीतून मचव्यांनी, म्हणजे मोठ्या मालहोड्यांनी येई. एकीकडे हातोड्यांचे ठोके, दुसरीकडे घागरींची ये-जा, आणि मधल्या मध्ये पाथरवटांची नि पाण्याला येणाऱ्या बायकांची थट्टा. होळीच्या सुमाराला काळी बाजू उभी राहिली. पण चुना अजून ओला होता, होडी आपटून चालणार नव्हती. आणि नेमक्या त्याच पौर्णिमेच्या उधाणात जुनी बाजू कोसळून पाण्यात गेली.

सकाळी बायजाची होडी आली, तर तिला लागायला जागाच नाही. काठाला कमरेइतका चिखल. नरसू हातोडी मांडीवर घेऊन बसून राहिला होता.

करंजवेळच्या तांडेलांनी ते पाहिलं. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. दगडांचे मचवे ओढून आणले, काठापासून खोल पाण्यापर्यंत एकाला एक बांधले आणि वर फळ्या टाकल्या. त्यावरून घागरी हातोहात निघाल्या. मचवे डुलत होते, पाणी अंगावर सांडत होतं, बायका हसून बेजार झाल्या होत्या. भरलेली होडी बेटाकडे वळली तेव्हा काठावर ढोल वाजला, असं सांगतात.

शब्द राहिला, पण चुना वाळेपर्यंत मचवे त्या पुलातच अडकले. आता दगड आणायचा कशातून? नरसूने बायजाजवळ काळजी बोलून दाखवली. खैरबेट सगळं जांभ्याचं. तिथल्या लोकांनी देवीच्या देवळासाठी कित्येक वर्षं खपून चिरे तासून ठेवले होते.

बायजा म्हणाली, "आमच्या होड्या इकडे येताना रिकाम्याच येतात. उद्यापासून चिरे आणतील."

"आणि देऊळ, काकी?"

"देवी बसेल उघड्यावर. तिला तहान लागत नाही, पोरांना लागते."

तरी बेटाने देवीला कौल लावला. फूल उजवीकडे पडलं, म्हणजे देवीचा होकार. मग काय, येताना चिरे आणि जाताना पाणी. मृगाच्या आधी ही तांबडी बाजू पुरी झाली, आणि तिच्यावर पहिली होडी लागली ती बायजाची. नरसूने तिच्या हातचा तांब्या त्या दिवशी घटाघटा रिकामा केला म्हणे.

पावसाळ्यानंतर तो बेटावर गेला. देऊळ मी बांधून देतो, म्हणाला. पुन्हा कौल लावला, तर फूल डावीकडे. दुसऱ्या वर्षीही डावीकडेच. देवीला वाऱ्याची गोडी लागली, असं बायजाने ठरवून टाकलं.

आजही खैरबेटची देवी उघड्यावर आहे. माघात जत्रेला करंजवेळचे तांडेल आपल्या होडीचं शीड काढून तिकडे नेतात आणि पूजा होईपर्यंत चारी कोपरे हातांनी वर धरतात. वर्षातून तेवढंच छप्पर. दुपारी वारा सुटतो, शीड हातातून निसटतं, आणि अख्खी जत्रा एका सुरात म्हणते, "पुरे झालं, देवीला दर्या बघू दे."