घरभर कमी

एक होता केरबा, एक होती त्याची बायको यसू, आणि एक होती त्यांची लेक बयो. डोंगराच्या पायथ्याला त्यांची झोपडी होती. केरबा कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, टोपल्या विणायचा. लहानशी परडी, तिच्याहून मोठी टोपली, टोपलीहून मोठं डालं, आणि सगळ्यांत मोठी कणगी. बयो कणगीत उभी राहिली तर तिचा शेंडासुद्धा दिसायचा नाही. मग केरबा सगळ्या घरभर हाका मारत फिरायचा, "अगं, बयो कुठं सांडली?" आणि कणगी खुदखुद हसायची.

आता त्या डोंगरामागं कोण राहायचं? मापाई राहायची. देवी म्हणा, म्हातारी म्हणा. एक पाय या शिवारात, दुसरा पुढच्या शिवारात. जगातलं कमी-जास्त सारखं करायचं, हे तिचं काम. जिथं जास्त तिथलं उचलायचं, जिथं कमी तिथं नेऊन टाकायचं. मोठ्या मनाची होती, पण भोळी. शमे, मघाशी तू बिग, स्मॉल, मेनी, फ्यू घोकत होतीस ना? मापाईचं तसंच. एका शब्दाला एकच अर्थ.

आपलं कसं असतं? बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. डब्यातलं पीठ संपलं तर संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. अभद्र शब्द घरात फिरू नये म्हणून. मापाईला यातलं काही ठाऊक नव्हतं, बरं का.

मग एकदा काय झालं, केरबा डोंगरावर कळक तोडायला निघाला. कोपऱ्यात एक परडी अर्धी विणून ठेवलेली. बयो म्हणाली, "बा, ही पुरी कर ना आधी."

"आल्यावर करतो. तोवर काड्यांवर पाणी शिंपड. वाळल्या की मोडतात."

आणि "येतो गं" म्हणून गेला. गेला तो गेलाच.

दिवस मावळला, दुसरा उजाडला, केरबा नाही. महिने लोटले, केरबा नाही. यसू दारात बसायची. वाटेवर पाचोळा वाजला तरी उठून उभी राहायची. जेवताना तीन ताटं मांडायची. तिसऱ्या ताटात भाकरीचा चतकोर वाढायची, आणि शेवटी तोच चतकोर बयोला द्यायची. बयो काय करायची? रोज सकाळी त्या अर्ध्या परडीवर पाणी शिंपडायची. काड्या ओल्या राहायला हव्यात, बा येणार आहे.

हळूहळू मडक्यातले जोंधळे तळाला गेले. एक दिवस दारात मापाई आली. वाकून आत बघितलं. म्हणाली, "बाई, तुझ्या घरात काय कमी, काय जास्त?"

यसू म्हणाली, "काय सांगू माई, जोंधळे वाढले."

"वाढले का? बरं झालं," म्हणाली मापाई. आत हात घातला, तळाशी होते ते मूठभर जोंधळे उचलले आणि गेली निघून. यसू बघतच राहिली.

मग काही दिवसांनी मापाई परत आली. "काय कमी, काय जास्त?"

यसू म्हणाली, "तेल वाढलं, माई."

मापाईनं दिव्यातलं थेंबभर तेलही पुसून नेलं. घरात अंधार झाला. यसू मनात म्हणाली, ही कसली देवी, हिच्या पोटात दया नाही तीळभर.

मग मापाई तिसऱ्यांदा आली. या खेपेला ती जरा बावरलेली होती. उंबऱ्याशी रेंगाळली. म्हणाली, "बाई, नीट सांग हं. घरात माणसं किती?"

यसूचा जीव चरकला. दोन म्हणायचं? जीभ वळेना. दोन म्हटलं आणि तसंच झालं तर? ती म्हणाली, "तिघं."

मापाईनं ताटं बघितली. एक, दोन, तीन. "मग पुरेत की," असं म्हणून उसासा टाकून ती चालू लागली.

बयो दाराआडून ऐकत होती. म्हणाली, "आई, तू खोटं का बोललीस?"

"खोटं नाही गं. तसंच म्हणायचं असतं."

"पण तिला कुठं ठाऊक आहे? तू वाढले म्हणालीस, ती घेऊन गेली. तू तिघं म्हणालीस, ती पुरेत म्हणाली. तिला सगळं खरंच वाटतं."

यसूनं कपाळावर हात मारून घेतला. मग पदर खोचला आणि धावली. दगड लागले, काटे लागले. मापाईचं एक पाऊल म्हणजे हिची पन्नास. यसू ओरडली, "माई, थांब. माझं बोलणं उलटं असतं."

मापाई थांबली. खाली बसली, तरी झाडाएवढी दिसत होती. "मग सुलटं सांग."

यसू म्हणाली, "जोंधळे संपले. तेल संपलं." आजवर जो शब्द ओठावर येऊ दिला नव्हता, तो आता बोलायचा होता. डोळे मिटून ती म्हणाली, "माझ्या घरात बयोचा बा नाही. घरात माणूस कमी आहे, माई."

"किती कमी?" मापाईनं विचारलं. ती मापाशिवाय काही देत नसे ना. "परडीभर? टोपलीभर? का कणगीभर?"

यसूनं विचार केला. ताटाशी तो कमी. दाराशी कमी. अर्ध्या परडीपाशी कमी. बयो कणगीत लपली तर शोधायला कमी.

ती म्हणाली, "घरभर."

मापाई म्हणाली, "एवढं मोठं माप माझ्याकडं नाही. तुझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी विणलं नाही."

"माझा नवरा? तू कुठं बघितलंस त्याला?"

"अगं, तो माझ्याच खळ्यावर टोपल्या विणतोय. डोंगरावर भेटला तेव्हा विचारलं, घरी काय कमी? तर म्हणाला, काही कमी नाही माई, सगळं भरलेलं आहे. माझ्याकडं विणणारा कमी होता, म्हणून ठेवून घेतला. मग रोज रडायला लागला, घरी सोड म्हणून. मी म्हटलं, घरच्यांनी कमी म्हटलं की सोडते. त्यासाठीच तर येत होते तुझ्या दारी. तुझे जोंधळे वाढले म्हणून सांगितलं, तर कपाळ बडवून घेतलं त्यानं. म्हणाला, वाढले म्हणजे संपले. मी म्हटलं, वेडा झाला बिचारा."

यसू रडत होती आणि हसत होती.

मापाई उठली, डोंगरावरून हात पलीकडं घातला आणि केरबाला परडीत घालून अलगद दारात आणून ठेवलं. बयोनं त्याच्या कमरेला मिठी मारली ती सोडलीच नाही. मग मापाईनं जोंधळ्यांची कणगी ओतली, तेलाची घागर ठेवली. घेतलं होतं मूठभर आणि थेंबभर, दिलं घरभर.

यसूनं चूल पेटवली. गरम भाकरी केल्या. म्हणाली, "माई, बस. वाढते."

मापाई दचकून उठली. "आता आणखी काय संपलं?"

केरबा पोट धरून हसला. म्हणाला, "ताट वाढतेय ती, माई. हे वाढणं निराळं. हे पोटभर असतं."

मापाई पोटभर जेवली. मग केरबानं कोपऱ्यातली परडी मांडीवर घेतली. काड्या ओल्याच होत्या, एकही मोडली नाही. ती पुरी करून त्यानं बयोच्या हातात दिली. त्या घरात पुढं कधी कुणी कमी पडलं नाही, आणि कमी पडलं तर कमी म्हणायला कुणी लाजलं नाही.

आता डोळे मिटा. काय म्हणालीस, शमे? गोष्ट संपली? असं म्हणू नये, बाई. गोष्ट वाढली.