एका घराचं लाकूड

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनाही नावं नव्हती. हा अलीकडचा, तो पलीकडचा, एवढ्यावर भागत असे. अलीकडच्या डोंगराच्या खांद्यावर एक वाडी होती. एका सकाळी भूकंप झाला आणि वाडीतलं एकूण एक छप्पर खाली आलं. माणसं शेतात गेली होती म्हणून वाचली.

खाली सपाटीवरच्या गावात काही साधी माणसं होती. रोज चूल पेटवण्याआधी ती मूठभर धान्य अडल्यानडल्यांसाठी बाजूला काढीत. लोक त्यांना ‘मूठवाले’ म्हणत, थोडं कौतुकानं, थोडं थट्टेनं. त्यांच्या म्होरक्या गिरजाक्का. त्यांनी वाडीकडे माणूस धाडला, किती घरं पडली ते विचारून यायला.

त्याला वाटेत भेटले सुभानआजा, वाडीतले सगळ्यात वयस्कर.

"आजा, घरं किती पडली?"

"एकच की रं घर हाय. पार भुईसपाट झालं."

माणूस तेवढं ऐकून तिथूनच माघारी फिरला. आता आजा खोटं बोलले का? मुळीच नाही. त्यांच्या लहानपणी सगळी वाडी एकाच लांबलचक आढ्याखाली नांदत होती. चुली वेगळ्या, पण आढं एक. आणि जितकी आढी तितकीच घरं, असा तिथला हिशेब. पुढे भाऊबंदकी माजली. आढं करवतीनं कापलं, मधे भिंती आल्या, कुंपणं आली. आजांच्या जिभेला मात्र करवत लागली नाही. त्यांच्या तोंडी वाडी म्हणजे अजून एकच घर होतं.

मूठवाल्यांनी साठवलेलं सगळं धान्य देऊन लाकूड घेतलं आणि ते डोंगर चढून वर आले. लाकूड होतं एका घराचं.

झालं! वाडीनं आजांना फैलावर घेतलं.

"एक घर म्हनून सांगितलंच कसं?" केरबा ओरडला. "आजा, तुमी समद्यांची वाट लावलीत!"

आजा खाली मान घालून बसले. थंडी तोंडावर आली होती. मूठवाल्यांची कणगी रिकामी झाली होती, ती भरेपर्यंत हिवाळा सरला असता. ज्यांना घर मिळणार नाही त्यांची पोरंबाळं उघड्यावर काकडणार, आणि ते आपल्या एका शब्दापायी, हे म्हाताऱ्याच्या जिवाला लागलं.

गिरजाक्कांनी हात जोडले. "आमच्यानं एवढंच झालं. कुणाचं घर उभं करायचं ते तुम्हीच ठरवा."

मग काय विचारता! घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे चढायच्या आधीच माणसं फिरली. शेवटी केरबाची सून पोटुशी होती म्हणून घर केरबाला द्यायचं ठरलं. बाकीच्यांनी जड मनानं माना डोलावल्या.

ती सून वाडीत नवी होती. जुनी भांडणं तिला ठाऊक नव्हती. ती आजांजवळ येऊन बसली.

"आजा, एकच घर व्हतं तवा कसं व्हतं वो?"

आजा सांगू लागले. पाऊस आला की छपरावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत यायचा. जिथे वास चांगला, तिथे पोरं जेवायची. कुणाचं पोर, हे कुणी विचारत नसे. एका टोकाला म्हातारी खोकली, तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी तिच्यासाठी पाणी गरम करायला ठेवायचं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. केरबानं तोंड फिरवलं, कारण त्याच आढ्याखाली तो जन्मला होता.

सून उठून सासऱ्यापुढे उभी राहिली. "मामंजी, मला न्हाई ऱ्हायाचं एकटीनं तितं. भायेर समदी कुडकुडत्याल, आन् आत मी अंगाई गाऊ व्हय?"

"लाकूड एकाच घराचं हाय, पोरी."

"मंग आजाबी एकच घर म्हनत्यात न्हवं?"

पडझडीतून निघालेला आपापला आढ्याचा तुकडा जो तो काट्याकुट्यांखाली लपवून राखत होता. केरबानं आपले काटे दूर केले, तुकडा ओढत आणला आणि गिरजाक्कांच्या लाकडांजवळ टाकला. मग एकेक करून सगळेच उठले.

जुने तुकडे एकमेकांना जुळेनात. जिथे जुळले नाहीत तिथे मूठवाल्यांचं नवं लाकूड सांध्याला बसवलं. आढं वेडंवाकडं झालं, पण झालं. नव्या घरात पहिल्याच दिवशी धुरावरून दोन बायांचं कडाक्याचं भांडण जुंपलं, आणि ते ऐकत आजा समाधानानं हसत बसले. भर थंडीत सुनेला मुलगी झाली. त्या दिवशी प्रत्येक चुलीवर पाणी तापत होतं.

हिवाळा सरला. कणगी भरली, आणि मूठवाले बाकीच्या घरांचं लाकूड घेऊन पुन्हा वर आले.

"अक्का, हितं नगं," केरबा म्हणाला. "पलीकडच्या डोंगरावरबी घरं पडल्यात, तितली मानसं अजून कपारीत ऱ्हात्यात. तिकडं न्हेऊ."

त्यानं पहिला ओंडका खांद्यावर घेतला. त्याच्यामागून वाडीतली धडधाकट माणसं निघाली. आजांना चढ झेपणार नव्हता. ते बाळाला मांडीवर घेऊन दारात बसले आणि रांग दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. जन्मभर ते जुन्या दिवसांसाठी झुरले होते. पण आपल्या घरातली इतकी माणसं दुसऱ्याचं घर बांधायला निघालेली त्यांनी त्या जुन्या दिवसांतही कधी पाहिली नव्हती.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही: छप्पर दुसऱ्यानं दिलेलं चालतं, घर मात्र आपणच एकमेकांना द्यावं लागतं.