आतून लावायची कडी

एकदा एका वृद्ध गवंड्याकडे एक गृहस्थ शिष्य होण्यासाठी आला. दृष्टांतात ज्ञानी पुरुष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लगेच दाढीवाला साधू उभा राहतो. म्हणून आधीच सांगून टाकतो, या गोष्टीतल्या ज्ञानी माणसाच्या हातात कमंडलू नव्हता, थापी होती. पन्नास वर्षे चुन्यासिमेंटात काम करून त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. सारा गाव त्यांना नुसते मिस्त्री म्हणे. शिष्याचे वय सेहेचाळीस आणि नाव निवास. सोसायटीच्या कचेरीत कारकुनी करणारा, नाकासमोर चालणारा माणूस. त्याला मोक्षबिक्ष काही नको होता. घरातली जुनी न्हाणी स्वतःच्या हाताने नवी कशी करावी, एवढेच शिकायचे होते.

त्याला कारण होते. न्हाणी वडिलांच्या काळातली. खालचा कोबा झिजून गुळगुळीत झालेला, कोपऱ्यांत शेवाळ, नळ रात्रंदिवस ठिबकणारा. निवासची आई चौऱ्याहत्तर वर्षांची, आणि तिचा उजवा गुडघा कित्येक वर्षांत वाकलेला नव्हता. तरी पाय लांब करून, स्टुलावर बसून, ती रोज पहाटे आपली आपण आंघोळ करी. दिवाळीनंतर एके दिवशी ती आत घसरून पडली. घरात सगळी माणसे होती. पण तिने हाक मारली नाही. जवळजवळ तासाभराने सरपटत येऊन तिने ओले लुगडे कसेबसे अंगाभोवती गुंडाळले, कडी काढली, आणि मग हळू आवाजात सुनेला बोलावले.

निवास धावत आला तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस पुष्कळदा रागावतो. तो ओरडला, "हाक मारायला काय झालं होतं तुला?" आईने ओले लुगडे आणखी आवळून घेतले. त्याच दिवशी त्याने दाराची कडी उखडून टाकली, पुन्हा काही झाले तर चटकन आत जाता यावे म्हणून. तेव्हापासून त्याची बायको शैला सासूला आंघोळ घालू लागली. शैला मायाळू होती, तिच्या करण्यात काही उणे नव्हते. पण आई मात्र बदलली. "आज सर्दी वाटते गं," "आज नुसतं अंग पुसते," असे म्हणत तिची रोजची आंघोळ तीन-तीन दिवसांवर गेली. पहाटेची ती उठेनाशी झाली. निवासला हे बघवेना. नवी न्हाणी झाली म्हणजे आई पूर्वीसारखी होईल, असे त्याच्या मनाने घेतले. ठेकेदाराने जो आकडा सांगितला तो ऐकून तो मुकाट्याने घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या दारात उभा राहून त्याने सगळी हकीकत सांगितली.

मिस्त्री म्हणाले, "शिकवीन. पण मी नुसता बसणार. राबायचं तू."

आईला महिनाभरासाठी तिच्या बहिणीकडे पोहोचवून निवासने कामाला हात घातला. कचेरी सुटल्यावर आणि रविवारी तो राबे. मिस्त्री बाहेर खुर्ची टाकून बसत आणि सांगत. सिमेंटचा माल किती ओला करायचा, फरशी ठोकून पोकळ वाजते का कसे बघायचे, पाणी मोरीकडे जावे म्हणून जमिनीला किती ढाळ द्यायचा. पहिल्या आठवड्यात निवासच्या हाताला फोड आले, दुसऱ्यात ते फुटले, तिसऱ्यात त्याचा हात बसला. शेवटच्या आठवड्यात मिस्त्रींना थंडीताप भरला आणि ते घरीच पडून राहिले. तेवढ्या दिवसांत निवासने दुकानातला शिल्लक माल स्वस्तात आणून सगळे एकट्याने उरकले.

ताप उतरल्यावर मिस्त्री काठी टेकत बघायला आले. न्हाणी अगदी झळकत होती. खाली आरशासारख्या फरश्या, भिंतीवर फिक्या निळ्या फुलांच्या टाइल्स, शॉवर, चकचकीत नळ, टॉवेलसाठी स्टीलची दांडी. निवास दाराशी उभा होता. मुंजीतल्या बटूच्या बापाने पाहुण्यांकडे बघावे तसा तो मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होता. मिस्त्रींनी सांध्यांवरून बोट फिरवले, भिंतीला ओळंबा लावला.

"काम सरळ हाय," ते म्हणाले. "कडी कुठं हाय?"

"मुद्दामच नाही बसवली. आईसाठीच तर आहे सगळं."

मिस्त्रींनी मान हलवली. मग त्यांनी कोपऱ्यातली हातभर लाकडी पट्टी उचलली, खांद्यावरचा पंचा काढला, आणि म्हणाले, "पाय सरळ कर."

निवासला वाटले, म्हाताऱ्याच्या डोक्यातून ताप अजून उतरलेला नाही. पण गुरू तो गुरू. त्याने पाय पुढे केला. मिस्त्रींनी ती पट्टी त्याच्या उजव्या गुडघ्यामागे धरली आणि पंच्याने अशी करकचून बांधली, की गुडघा काही केल्या वाकेना.

"आता आत जा. दार लोटून घे आणि आंघोळ करून ये. स्टुलावर बसून. तुझा तो शॉवर न्हाई लावायचा, बादली घ्यायची."

"आत्ता? दुपारी चार वाजता?"

"मग? मुहूर्त बघायचा हाय का?"

शैला तोंडाला पदर लावून हसू लागली. निवासही हसला आणि लंगडत आत गेला.

आतले हसू फार वेळ टिकले नाही. स्टुलावर बसल्यावर त्याला कळले की नळ उभ्या माणसाच्या हाताला येईल असा बसवला आहे. बादली भरायला अर्धे उठावे लागत होते आणि पाय वाकत नव्हता. कशीबशी बादली भरली. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि तांब्या चाचपडायला हात लांब केला. त्या सुंदर फरशीवरून स्टूल एकदम सटकले. स्टूल एकीकडे, निवास दुसरीकडे. त्याने आधाराला टॉवेलची दांडी धरली, तर दोन स्क्रूंवर तगलेली ती दांडी विनातक्रार त्याच्या हातात आली.

लागले असे काही नाही. पण उठता येईना. साबणाच्या पाण्यात तळवा ठरेना, एक पाय काठीसारखा ताठ, धरायला भिंतीवर काही नाही. डोळ्यांत साबण गेलेला. तो तसाच उघडा, फेसाने माखलेला, आपणच बसवलेल्या फरशीवर पडून राहिला.

बाहेर तीन पावलांवर मिस्त्री होते. चुलीशी शैला होती, वीस वर्षे संसार केलेली त्याची बायको. नुसते "अगं" म्हटले असते तरी पुरे होते. त्याने तोंड उघडलेही. आणि तसेच मिटले. इतक्यात "काय पडलं हो आत?" असे विचारीत शैलाची पावले दाराकडे येऊ लागली, आणि दाराला तर कडी नव्हती. निवासने सारा जीव एकवटून बांधलेला पाय लांब केला, टाचेने दार दाबून धरले, आणि तो किंचाळला, "येऊ नकोस! काही नाही! येऊ नकोस म्हणतो ना!"

पावले थांबली, मग परत गेली. तो दाराला टाच लावून पडून होता. आणि त्याच अवस्थेत, इतक्या महिन्यांनी, त्याला आई दिसली. ती याच जागी, अशीच पडली होती. एक तास.

थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आले की आपल्याला पंच्याची गाठ सोडता येते. त्याने ती सोडली, गुडघा वाकवला आणि तो उठला. आईला तसे उठता येणार नव्हते, हेही त्याला उठता उठताच कळले.

अंग पुसून तो बाहेर आला आणि पायरीवर बसला. मिस्त्री सुपारी कातरीत होते.

"हाक का मारली न्हाईस?" त्यांनी विचारले.

हे आपलेच शब्द आहेत, हे निवासने ओळखले. त्याने खाली मान घातली. लाज वाटली, असे त्याने मोकळेपणी सांगितले.

मिस्त्री म्हणाले, "माझ्या बापाला मी सहा महिनं न्हाऊ घातलं. माझं हात काय वाईट न्हवतं. पाणी बेतानं तापवायचो, पाठ हळू चोळायचो. पण सहा महिन्यांत त्यानं एकदाबी माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई. मला वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्या करण्याची किंमत न्हाई. त्यो गेल्यावर लई वर्सांनी कळलं, त्याला माझी लाज वाटत हुती. ज्या पोराचं त्यानं ढुंगण धुतलं, त्या पोराची." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुझी आई आंघोळीला कंटाळली न्हाई निवास. आपल्या हातानं दार लावायचं, एवढीच एक जागा तिला या घरात हुती. पडली ती, आणि तू कडी काढलीस. तू वाईट केलं न्हाईस, भिऊन केलंस. पण ही न्हाणी तू बघायला बांधलीस, तिला आत बसायला न्हाई बांधलीस."

निवासचे डोळे भरून आले. साबण गेला असेल म्हणावे, तर तोंड केव्हाच धुऊन झाले होते.

"आता काय करू?" त्याने विचारले. "पैसे तर संपत आले."

"पैसे नगंत. गुरू बदल. मला ह्यातलं एवढंच येतं."

आई शुक्रवारी परत आली. निवासने तिला नवी न्हाणी दाखवली. ती दारातूनच म्हणाली, "छान केलंस हो," आणि वळली. निवास तिच्या पुढ्यात स्टूल घेऊन उभा राहिला. "आई, तू कशी बसतेस ते मला दाखव. लुगडं नेसूनच बस. तुझा हात कुठं जातो, ते मला बघायचंय."

आईला आधी हे चमत्कारिक वाटले. मग ती बसली. बसताना तिने आपोआप डावा हात भिंतीकडे नेला आणि तो हवेतच राहिला. निवासने तिथे पेन्सिलीने खूण केली. "नळ इकडं पायजे," आई म्हणाली. "आणि खुंटी एवढी उंच कशाला? मी काय तिथं उडी मारू?" अर्ध्या तासात तिला चांगलाच कंठ फुटला. हे हलव, ते काढ, साबण इथं, तांब्या तिथं. शैलाने तिला चहा आणून दिला, तोही तिने स्टुलावर बसूनच घेतला. शेवटी ती म्हणाली, "एवढं आधी विचारलं असतंस तर मेल्या, बहिणीकडं महिनाभर कशाला धाडलं असतंस?"

मग निवासने छिन्नी-हातोडा घेऊन आपल्याच हाताने बसवलेल्या त्या आरशासारख्या फरश्या एकेक उखडल्या. ज्याने महिनाभर घाम गाळून काही केले आहे आणि मग स्वतःच ते फोडले आहे, त्यालाच त्या ठोक्यांचा आवाज कळेल. चांगल्या निघालेल्या फरश्या त्याने दुकानदाराला परत दिल्या आणि बदल्यात खडबडीत शहाबादी आणली. नळ खाली घेतला. पेन्सिलीच्या खुणेवर पाण्याच्या लोखंडी नळीचा जाड तुकडा भिंतीत सिमेंटने पक्का केला आणि आपण स्वतः त्याला लोंबकळून पाहिले. दार बाहेर उघडेल असे फिरवून बसवले, म्हणजे कुणी आत पडले तरी अडकू नये. शेवटी त्याने कडी बसवली. ती आतून लागे, पण तशीच वेळ आली तर बाहेरूनही नाण्याने फिरवता येई. ही युक्ती मिस्त्रींची.

काम पुरे झाल्यावरच्या पहिल्या रविवारी भल्या सकाळी आई उठली. शैलाने पाणी काढून दिले आणि ती बाजूला झाली. आई आत गेली. दार लागले, मग कडी सरकल्याचा आवाज आला.

निवास दाराला पाठ लावून खाली बसला. तो प्रत्येक आवाज ऐकत होता. तांब्या बुडाला, पाणी पडले, पुन्हा तांब्या बुडाला. मग बराच वेळ काहीच नाही. त्याचा हात खिशातल्या नाण्याकडे गेला.

आतून आईचा आवाज आला, "निवास, दाराशी बसलायस व्हय रे?"

"हो."

"मग ऊठ तिथनं. जा तिकडं. बाईमाणसाला आंघोळ करू देशील का न्हाई?"

तो उठला. अंगणात मिस्त्री येऊन बसले होते. त्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी काळजीने विचारले, "काय म्हणाली?"

"जा म्हणाली," निवासने सांगितले, आणि सांगता सांगता तो लहान मुलासारखा रडू लागला.

मिस्त्रींनी त्याला रडू दिले. मग काठी टेकत ते उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, जरा लांब बसू."