मागच्या भोयाचे कान

फार फार पूर्वी, चाकांना अजून डोंगर चढता येत नव्हते त्या काळी, एका राज्याच्या सीमेवर एक उंच घाट होता. घाटमाथ्यावर भोयांची लहानशी वस्ती होती. ज्यांना चढण झेपत नसे, त्यांना हे भोई डोलीत बसवून वर नेत आणि खाली आणीत.

बालवाचकहो, आणि बालवाचकांच्या आजोबांनो, डोली कशी वाहतात हे प्रथम नीट समजून घ्या. कारण पुढील सारी कथा त्यावरच उभी आहे. एका लांब दांड्याला डोली टांगलेली असते. एक भोई पुढे, एक मागे. पुढच्याला वाट दिसते. मागच्याला केवळ डोलीचा पडदा दिसतो. म्हणून वाटेत जे येईल ते पुढचा भोई मोठ्याने सांगतो, "दगड आलाऽ!" मागचा तेच शब्द पुन्हा उच्चारतो, "दगड आलाऽ!" मागच्याने ऐकले, हे पुढच्याला त्यावरून कळते. या रीतीला ते 'साद' म्हणत. मागच्या भोयाचे डोळे त्याच्या कानांत असतात, असे त्या वस्तीतील वृद्ध सांगत.

त्या वस्तीतील दोन भोई नेहमी जोडीने काम करीत. पुढे चालणारा हा मागे चालणाऱ्याचा मेहुणा होता, म्हणजे त्याच्या पत्नीचा धाकटा भाऊ. तो मागच्याला दाजी म्हणे, आणि नात्याने मिळालेला थट्टेचा अधिकार एकही दिवस वाया जाऊ देत नसे.

एकदा या दोघांनी राजदरबारातील वृद्ध वीणावादकास घाटापार पोहोचविले. वाटेत त्याच्या वीणेची तार हललीसुद्धा नाही. प्रसन्न होऊन त्याने दाजींना वेताच्या पट्टीने जोडलेले दोन इवले शंख दिले. ते कानांवर बसविले की वीणेचे मधुर स्वर ऐकू येत. मात्र ज्याने ते लावले असतील, त्यालाच. शेजारी उभ्या असलेल्याला काहीही कळत नसे.

दाजींना त्या शंखांचे वेड लागले. प्रारंभी ते घरी ऐकत. पुढे मुंडाशाखाली दडवून वाटेवरही लावू लागले. आणि सत्य सांगावयाचे तर, त्या स्वरांनी ओझे हलके वाटे, चढण आखूड होई. मग सादेचे काय? वाट तर दाजींना तोंडपाठ होती. वडानंतर दगड, दगडानंतर पायरी, पायरीनंतर ओढा. पायांखालच्या जमिनीवरून अंदाज घेऊन ते योग्य जागी योग्य शब्द उच्चारीत. मेहुण्याचा आवाज त्यांच्या कानी पोहोचतच नसे.

एकदा मेहुणा म्हणाला, "दाजी, माझी हाक अजून तोंडातच आहे, अन् तुमचं उत्तर आलंसुद्धा! माझ्या बहिणीलाही तुम्ही असंच न ऐकता 'हो' म्हणता म्हणे!"

मागून हसू आले नाही. मेहुण्याला वाटले, दाजी रागावले.

त्यानंतर काही दिवसांनी दाजींची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. एके दिवशी सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. मूल आडवे असल्याचे तिच्या आईच्या ध्यानात आले आणि तिने डोक्याला हात लावला. अशी अडलेली बाळंतीण सोडवू शकेल अशी एकच सुईण त्या मुलखात होती. ती घाटाच्या पायथ्याशी राहत असे आणि गुडघ्यांनी अधू होती. दोघे भोई रिकामी डोली घेऊन धावतच खाली उतरले.

म्हातारी डोलीत बसली. कमरेच्या पिशवीतून तिने अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि म्हणाली, "चला रे! पण बेताने. मी माणूस आहे, ज्वारीचं पोतं नव्हे."

चढण सुरू झाली. लेकीचा कण्हण्याचा आवाज दाजींच्या कानांतून जात नव्हता. तो ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी मुंडासे सारखे करण्याच्या निमित्ताने शंख कानांवर सरकविले. वीणा वाजू लागली. मन शांत झाले.

वड मागे पडला. दगड आला, पायरी आली, आणि दोन्ही सादा बिनचूक गेल्या.

ओढ्याच्या अलीकडे वाट कड्यावरून जात असे. सकाळी डोली रिकामी होती तेव्हा तेथील माती भक्कम भासली होती. आता मेहुण्याच्या पावलासरशी ती भुसभुशीत होऊन दरीत घसरू लागली.

"थांबाऽ! कडा सुटलाऽ!" तो ओरडला.

मागून शांत स्वरात साद आली, "ओढा आलाऽ!"

त्या क्षणी मेहुण्याला सारे कळले. मागे माणूस होता, पण कान नव्हते.

"दाजी, थांबा! अहो दाजी!"

दाजी वीणेच्या तालावर पुढे येत राहिले. दांड्याने मेहुण्याला कड्याकडे रेटले. त्याने एका हाताने करवंदीची जाळी काट्यांसकट कवटाळली. त्याचा पाय मुरगळला. डोली झोका घेऊन दरीवर गेली, आणि पडद्याच्या फटीतून म्हातारीला खाली झाडांचे शेंडे दिसले.

ती किंचाळली नाही. किंचाळून उपयोग नाही, हे तिने ओळखले होते. तिने अडकित्ता उचलून दांड्यावर खाडखाड हाणला. जे कानांना कळले नाही, ते खांद्याला कळले. दाजी दचकून थांबले, मागे सरले, आणि डोली वाटेवर परत आली.

डोली खाली टेकली. दाजींचे मुंडासे सुटले होते आणि शंख गळ्यात लोंबत होते. मेहुण्याने ते पाहिले. त्याच्या तळहातातून रक्त येत होते.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "इतके दिवस मी कोणाशी बोलत होतो?"

उत्तर म्हातारीने दिले. "रडणं-रुसणं वर गेल्यावर करा. तिथे पोर अडली आहे. याचा पाय गेला. आता मला कोण नेणार?"

दाजींनी शंख डोलीत टाकले, म्हातारीला पाठीवर घेतले आणि कमरेत वाकून निघाले. वाकलेल्या दाजींना स्वतःच्या अंगठ्यांपलीकडे काही दिसत नव्हते. मेहुणा काठी टेकीत, लंगडत पुढे झाला. डोंगराच्या अंगाने पाऊल चाचपीत तो साद देऊ लागला, "आतल्या अंगानंऽ!"

"आतल्या अंगानंऽ!" दाजी म्हणाले. प्रत्येक शब्द ते ऐकत होते. ओढ्याचे पाणी ऐकत होते, पाठीवरच्या म्हातारीचा श्वास ऐकत होते. आणि माथा जवळ येताच लेकीचे कण्हणेही त्यांनी ऐकले. ते ऐकले म्हणूनच त्यांची पावले अधिक झपाट्याने पडली.

म्हातारी आत गेली. दोघे भोई ओट्यावर बसून राहिले. उन्हे कलली. मग दाराआडून म्हातारीने थेट भोयांच्या सुरात साद घातली, "नात आलीऽ!"

रीत ती रीत. दाजींनी उत्तर दिले, "नात आलीऽ!"

लेक सुखरूप होती. गूळ वाटला गेला. कोणीतरी जाऊन डोली आणली, तेव्हा म्हातारीने कुतूहलाने शंख कानांवर लावून पाहिले. तिचा सुरकुतलेला चेहरा उजळला, डोळे मिटले.

"आजी, सुपारी देता का?" मेहुण्याने विचारले. "आजी? अहो आजी!"

आजी डोलत होत्या. मेहुण्याने अखेर अडकित्ता घेऊन ओट्यावर आपटला, तेव्हा त्या भानावर आल्या. सारे हसले, त्याही हसल्या.

"गोड आहे रे बाबा, फार गोड," शंख दाजींच्या हाती देत त्या म्हणाल्या. "म्हणून तर बसून ऐकायचं. फोडू नकोस, फेकूही नकोस. पण खांद्यावर दांडा आला, की हे खुंटीवर."

दाजींनी तसेच केले. संध्याकाळी काम संपले की ते पाळण्याची दोरी हाती धरून वीणा ऐकत, आणि नात रडली तर पाळणा हलल्याने त्यांना कळे. घाटात मात्र त्यांचे कान उघडे असत. मेहुण्याच्या थट्टेला आता मागून हसू येई, आणि कधीकधी सव्याज परतफेडही.

तेव्हापासून त्या घाटात नवी रीत पडली. डोली उचलण्यापूर्वी मागचा भोई मुंडासे कानांवरून वर सारतो आणि म्हणतो, "कान मोकळेऽ!" पुढच्याने ते ऐकल्याखेरीज पाऊल पडत नाही.

तात्पर्य : संगीत मनाला विसावा देते, परंतु वाटेवर चालताना आपले कान आपल्या एकट्याचे नसतात.