हैबती कमानगराची ऊब

गढीचे चारही बुरूज शाबूत होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या वाघदऱ्यात हैबती नावाचा कमानगर राहायचा. वेळूच्या पट्टीला एका अंगाने म्हशीचं शिंग आणि दुसऱ्या अंगाने बैलाच्या पायातल्या नसा सरसाने चिकटवून तो धनुष्य करायचा. एका धनुष्याला वर्ष लागायचं. त्याला घाई करायची कुणाची छाती नव्हती, असं म्हणतात.

एका वर्षी त्याच्या धाकट्या भावाचा, केरबाचा, बैल गढीच्या कुरणात शिरला. जहागीरदाराने केरबाला तळघरात कोंडलं आणि हैबतीला बोलावून सांगितलं, "नागपंचमीला पाहुणे येतायत. त्यांच्यापुढे नवं धनुष्य हवं. नाही आलं, तर तुझा भाऊ बुरजावरून खाली जाईल."

"सरकार, आषाढ लागला. या हवेत सरस वाळत नाही."

"मग वाळव."

शिंग बसवलेलं एक धनुष्य हैबतीच्या घरात होतं, नसा तेवढ्या राहिल्या होत्या. त्याने त्या बसवल्या. पण जाळाजवळ धरावं तर सरस वितळणार, लांब ठेवावं तर ओलाच राहणार. शेवटी नसांची बाजू पोटाशी घेऊन त्याने ते धनुष्य स्वतःच्या कमरेभोवती वळवून बांधलं, वर घोंगडी ओढली आणि शेगडीपुढे गुडघे पोटाशी घेऊन बसला.

पस्तीस दिवस बसला, असं म्हणतात. झोपला तोही तसाच, बसून.

सरपण सगळं भिजलेलं. त्याची बायको सगुणा फुंकून फुंकून थकली. तेव्हा शेजारची ठकूबाई दारातून डोकावली. शेजारणीने डोकावायचं नाही तर कुणी?

"काय गं, नवरा अंडी उबवतोय का?"

"उबवतोय. तुझ्या चुलीतला निखारा आण, म्हणजे पिल्लू वेळेवर निघेल."

ठकूबाईने निखारा आणला, आणि गावभर सांगितलंही. मग रोज प्रत्येक घरातून एकेक निखारा येऊ लागला. कुणाची चूल विझली, पण हैबतीची शेगडी विझली नाही.

नागपंचमीला त्याने धनुष्य सोडवलं. ते वाळून आतल्या बाजूला वळलेलं, निजलेल्या कुत्र्यासारखं वेटोळं. हैबती मात्र उठला तो वाकलेलाच. तसाच गढी चढला.

पाहुणे बसले होते. जहागीरदाराने दोरी चढवायला आपल्या पैलवानाला पुढे केलं. पैलवानाने धनुष्य पाहिलं आणि जिकडे वळलं होतं तिकडेच आणखी दाबलं. शिंग करकरलं. तळघरात केरबानेही तो आवाज ऐकला, असं म्हणतात.

"हात काढ, पैलवान," हैबती म्हणाला. "हे उलटं वाकवायचं असतं."

पाहुणे हसले. जहागीरदार हसला नाही. "तूच चढव. मोडलं तर दोघं भाऊ बरोबर जाल."

हैबती खाली बसला. धनुष्य गुडघ्यांवर घेऊन त्याने दोन्ही टोकं हळूहळू उलटी, स्वतःकडे ओढली. कपाळाची शीर टरारली. दोरी खाचेत बसली. त्याने ती एकदाच छेडली.

त्या टणत्काराने तळघराच्या दाराची कडी आपोआप निखळली, असं म्हणतात. केरबा पायऱ्या चढून वर आला, आणि पाहुण्यांदेखत त्याला परत कोंडायची जहागीरदाराला सोय राहिली नाही.

केरबाने भावाला पाठीवर घेऊन घरी आणलं. हैबतीची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. वैद्य झाले, शेक झाले. तो म्हणायचा, "राहू दे. दोरी उतरवल्यावर असंच व्हायचं." गेला तेव्हाही त्याला आडवं करता येईना, म्हणून बसलेलाच पुरला.

त्याच्या समाधीचा ओटा आमच्या भिंतीला लागून आहे. नागपंचमीला घरटी एक निखारा तिथल्या शेगडीत पडतो. गॅस आला तरी त्या दिवशी आम्ही चूल पेटवतो, आणि कुणाचा निखारा आला नाही तर मी जाऊन विचारते. आणि आमच्या गावात वाकून चालणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी ताठ चाल म्हणत नाही. आधी त्याला शेगडीजवळ जागा करून देतात.